3200 ची रॅम, 3600 चा हट्ट आणि वरुडचा मे महिना : सात महिन्यांचा अनुभव

माझ्या कॉम्प्युटरची रॅम वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्या लाल पत्र्याला मी एवढ्या शिव्या घातल्या आहेत की वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा.

वरुडजवळच्या गावात लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करतो. रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी450 बोर्ड, ग्राफिक कार्ड नाही. या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यानं रॅमवरच जगतं. म्हणून कार्डाचे पैसे वाचवायचे आणि रॅम पळवायची, असा माझा हिशोब. नोव्हेंबरात नागपूरहून डीडीआर4 3200, सीएल16 ची (3200 हा वेग, आणि सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारे ठोके) 8 जीबीची एकच स्टिक आणली, ₹1,850. दुसरी तूर विकल्यावर घेऊ म्हटलं.

इथंच फसलो. पहिला महिनाभर ती 2666 वर चालत होती, कारण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पाकिटावरचा वेग लावणारं एक्सएमपी चालू करायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. ते केलं, तरी स्टिक एकच म्हणजे चॅनेल, डेटा जायचा रस्ता, एकच. 3200 वर एका चॅनेलला सेकंदाला 25.6 जीबी, दोन असतील तर 51.2. मी अर्ध्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालवत होतो आणि गिअरला दोष देत होतो.

फेब्रुवारीत त्याच दुकानातून, तेच मॉडेल, तेच लाल पाकीट आणलं. टाइमलाइन अशी मोकळी झाली की त्या रात्री दोन लग्नं कापून झोपलो. तिथंच थांबायला हवं होतं. पण थंडीचे दिवस, रात्रीची वेळ, 1.38 व्होल्ट आणि सीएल18 देऊन पाकिटावरच्यापेक्षा जास्त, 3600 चा वेग लावला. एका झटक्यात बूट. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टच्या चार फेऱ्या, एक चूक नाही. मी गावभर सांगत सुटलो.

मग मे उजाडला. दुपारी दोननंतर मंगलाष्टकं चालू असतानाच निळी स्क्रीन. आधी लाइनीला दोष दिला, मग इन्व्हर्टरला. रात्री मेमटेस्ट लावला की सगळं पास! शेवटी भर दुपारी लावला, तर वीस मिनिटांत चुकांच्या लाल ओळी. एकेक स्टिक वेगळी तपासली. जुनी धडधाकट, नवी नापास. थायफून बर्नर या रॅमची माहिती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं पाहिलं तर दोघींच्या आतल्या चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या! पाकीट तेच, माल निराळा. स्वस्त रॅममध्ये हे चालतंच, आणि म्हणून दोन स्टिक एकाच पाकिटातल्या घ्यायच्या असतात.

तापली की रॅममधल्या पेशींतला चार्ज लवकर झिरपतो, माठातलं पाणी झिरपावं तसा. मानकातच 85 अंशांवर रिफ्रेश, म्हणजे चार्ज पुन्हा भरणं, दुप्पट वेळा करायची सोय आहे. माझी स्टिक किती तापत होती ते मात्र कळेना, तिच्यात सेन्सरच नाही. शाळेतून कोरोनातली कपाळाची बंदूक मागून आणली. तिनं ‘हाय’ लिहून हात वर केले.

आणि तो पत्रा. उष्णता पसरवायला म्हणून लावलेला, त्यावर वाघाचे पंजे काढलेले. आतून बघाल तर साधी चिकटपट्टी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टी मऊ पडून पत्रा एका बाजूनं घसरला आणि चिपला टेकायचाच बंद झाला. पंजे काढण्यापेक्षा डिंक बरा लावला असता तर काय बिघडलं असतं? याचा राग मला निळ्या स्क्रीनपेक्षा जास्त आहे.

दुकानात फोन केला.
“भाऊ, पाकिटावर किती लिवलं हाय?”
“3200.”
“मग 3600 वर कायले चालवता?”
पत्र्याचं विचारलं तर म्हणे तो शोभेचा, वॉरंटीत येत नाही. मीही चार शब्द ऐकवले. पण खोटं कशाला बोलू, 3200 वर दोन्ही स्टिक भर दुपारीही पास होतात. आकड्यावरच्या बोलण्यात त्याचं बरोबर होतं. पत्र्यावरच्या नाही.

मग शांत डोक्यानं हिशोब केला. 3200 ला सीएल16 म्हणजे उत्तराला 10 नॅनोसेकंद, 3600 ला सीएल18 म्हणजेही 10. फरक फक्त बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचा. तासाभराच्या लग्नाच्या एक्सपोर्टला माझी दोन मिनिटं वाचत होती, आणि त्यासाठी एक अख्खी वरात पुन्हा कापली. 3200 सीएल22 ही मिळते, ती मात्र घेऊ नका. तिथं 13.75 नॅनोसेकंद होतात आणि वेग ओढून वाढवायलाही फार जागा नसते.

सध्या 3200 वर, टायमिंग (सीएलसारखे ठोके) थोडे आवळून, 1.35 व्होल्ट. कॅबिनेटची बाजू उघडी आणि समोर छोटा टेबलफॅन. कूलर मुद्दाम दूर ठेवलाय, ओली हवा थेट बोर्डावर नको. पत्रे दोन्ही काढून टाकले, तरी जूनपर्यंत एकही चूक आली नाही. त्यातला एक टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलाय. तिथून तो अजून घसरलेला नाही.