स्वयंपाकघर मागे वाढवावं, की आहे त्याच जागेत नवं करावं?

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसचं स्वयंपाकघर आठ बाय सात फुटांचं. दोघं ओट्याशी उभे राहिले की तिसऱ्याला फ्रिज उघडता येत नसे. मागे अंगण मोकळं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: मागची भिंत पाडू आणि ओटा तिकडे नेऊ. मी दोन्ही कामांचा खर्च वहीत शेजारी-शेजारी मांडला आणि मत बदललं. वाढीव बांधकामाचा दर आपण चौरस फुटाला विचारतो, पण बराच पैसा जातो तो चौरस फुटात न बसणाऱ्या कामांवर.

दहा बाय आठची खोली म्हणजे ८० चौरस फूट. एवढ्याशा कामालाही पाया, कॉलम, सेंट्रिंग, स्लॅब, वॉटरप्रूफिंग सगळं लागतंच, म्हणून लहान कामाचा फुटाचा दर मोठ्या कामापेक्षा चढा पडतो. जुन्या आणि नव्या स्लॅबच्या सांध्यातून पहिल्याच पावसात पाणी येऊ शकतं, त्या सांध्याचं काम कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या. आमच्या मागच्या अंगणात ड्रेनेजचं चेंबर होतं. ठेकेदाराच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "ते एक्स्ट्रा." शिवाय मागची खिडकी बंद झाली की मधल्या खोलीचा उजेड जातो, आणि दिवसाही दिवा लावावा लागतो.

परवानगीचा मुद्दा तर सगळ्यात आधी. मागची मोकळी जागा बहुतेक ठिकाणी सामासिक अंतर असते, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून नियमाने मोकळी सोडलेली. तिथे बांधता येईल का, एफएसआय (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक आहे का, हे वास्तुविशारदाकडून मंजूर नकाशावर तपासून घ्या. नवी मुंबईत बांधकामाला महापालिकेची परवानगी लागते, आणि जमीन सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) भाडेपट्ट्यावर असेल तर करारातल्या अटीही पाहाव्या लागतात. शेजाऱ्याने बांधलंय म्हणून आपलं चालेल, हा हिशेब करू नका. विनापरवाना बांधकामावर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३खाली नोटीस येऊ शकते, आणि मग पाडण्याचा खर्चही आपलाच.

ठाण्यातल्या फ्लॅटवाल्यांना बाहेर वाढवायचा पर्याय जवळजवळ नाहीच. तिथे प्रश्न आतली भिंत काढण्याचा. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत भिंतीच छताचा भार पेलतात, तिथे भिंतीला हात लावू नये. आरसीसी, म्हणजे कॉलम-बीमवर उभी, असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घ्या. ओटा सरकवून खालच्यांच्या बेडरूमवर आणू नका, गळतीचं भांडण वर्षानुवर्षं चालतं.

आता आतल्या आत करायचं तर तुलना सुताराची आणि मॉड्युलर कंपनीची. इथे दर मोजण्याची पद्धतच वेगळी असते, आणि तिथेच फसायला होतं. एक जण रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर सांगतो, दुसरा दर्शनी चौरस फुटाने, म्हणजे कपाटांच्या समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळावर. दहा फुटांचा ओटा धरा. खालची कपाटं ३४ इंच उंच म्हणजे साधारण २८ चौरस फूट, वरची दोन फूट उंच म्हणजे २०. एकूण ४८. समजा एकाचा दर रनिंग फुटाला ७,००० आहे, दुसऱ्याचा चौरस फुटाला १,५००. पहिल्याचे ७०,००० होतात, दुसऱ्याचे ७२,०००. ऐकताना मात्र दुसरा फार स्वस्त वाटतो. ट्रॉल्या, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, ग्रॅनाईट, सिंक, चिमणी यांतलं काय दरात आहे, हे दोघांनाही एकाच यादीवर लिहायला लावा.

सुतार आपल्या वेड्यावाकड्या भिंतीला नेमकं बसवून देतो, आणि चार वर्षांनी दार लोंबलं तर बोलावता येतो. कंपनीचं काम घरात लवकर आटोपतं, धूळ कमी, पण मापं ठरल्यावर बदल महाग पडतो. माझा कल सुताराकडे आहे, एका अटीवर: सिंकखाली आयएस ७१०चा शिक्का असलेलाच मरीन प्लाय, आणि तो कापण्याआधी शिक्का आपण डोळ्यांनी पाहायचा. खाडीकाठच्या दमट हवेत हलका बोर्ड फुगायला वेळ लागत नाही.

गवंडीकामात नुसती मजुरी द्यावी की मालासकट ठेका? घरी रोज कोणी थांबणारं असेल तर मजुरी. नसेल तर ठेका, पण सिमेंट, सळई, टाईल्स, वायर यांचे ब्रँड लिहून. नोंदणीकृत ठेकेदाराच्या दहा लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ८० हजार, ते दरात धरलेत का विचारा. डेब्रिज उचलणं कोणाकडे, तेही. पाईप गॅसची लाईन हलवायची असेल तर गॅस कंपनीकडे आधी अर्ज करा, ते काम प्लंबरच्या हाती देऊ नका.

कर्जात गृहकर्जावरचा टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावरच घेतलेलं वाढीव कर्ज, सोपा. वाढीव बांधकामाच्या कर्जाला बँक मंजूर नकाशा मागते आणि पैसे टप्प्याटप्प्याने सोडते.

आई-वडील कायमचे राहायला येणार असतील, परवानगी मिळत असेल, आणि अंदाजाच्या वर वीस टक्के रक्कम बाजूला असेल, तर मागे जरूर वाढवा. स्लॅब मात्र मेअखेर झाला पाहिजे. आमच्याकडे यातलं तिसरं नव्हतं. आम्ही आतच केलं, फ्रिज पॅसेजमध्ये आणला आणि ओटा एल आकाराचा केला. आता भाकऱ्या थापताना बाजूला कोणीतरी भाजी चिरू शकतं.