दोनदा जेवायचं, दर दोन तासांनी खायचं, की ताट मोजायचं? कोल्हापूरकरानं काय निवडावं

सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्या कुठल्याही चौघांत एक जण तरी 'दीक्षित'वाला सापडतो. दुसरा उठल्या उठल्या भिजवलेले बदाम खाऊन आलेला असतो, कारण त्याच्या सुनेनं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकलेलं असतं. तिसरा दोघांनाही हसतो आणि फिरून झालं की मिसळ गाठतो. चौथ्याच्या खिशात कालचा रिपोर्ट असतो: एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हे लिहितोय ते त्या चौथ्यासाठी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात असे उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींच्या वर लोक आहेत, त्यामुळे त्यानं एकटं वाटून घेऊ नये.

आधी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कडकडून भूक लागेल त्या दिवसातल्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. शिवाय रोज ४५ मिनिटं चालायचं. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, हा त्यामागचा युक्तिवाद.

माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद इन्सुलिनच्या सिद्धांतात नाही, तिच्या सोपेपणात आहे. आपल्याकडे पोट सुटतं ते जेवणानं कमी आणि मधल्या खाण्यानं जास्त. दहाला चहा-खारी, दुकानात कुणी आलं की वडा, संध्याकाळी भडंग, रात्री 'चल की जरा' म्हणत आइस्क्रीम. दोनदाच जेवायचं ठरवलं की हे सगळं एका फटक्यात बंद होतं. घड्याळानं वेगळी जादू होते का, याचा एक चांगला प्रयोग चीनमध्ये झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला. लठ्ठ असलेल्या १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला, त्यातल्या निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायला सांगितलं. वर्षाअखेर त्यांचं वजन सरासरी ८ किलोनं उतरलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलोनं, आणि हा फरक दखल घेण्याजोगा नाही असंच संशोधकांनी म्हटलं. म्हणजे काम केलं ते कमी खाण्यानं.

खटकतं ते ५५ मिनिटांचं. अनेकांना तो परवानाच वाटतो. सुकामेवा, सॅलड, मोड आलेली कडधान्यं आधी आणि भाकरी-भात नंतर, हा दीक्षितांनीच सांगितलेला क्रम बहुतेक जण सोयीनं विसरतात आणि पहिल्या घासापासून भातावर रस्सा ओततात. आणि एक गंभीर गोष्ट: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर लांबलचक उपाशी राहण्यानं साखर धोकादायक खाली जाऊ शकते. शेजाऱ्याला जमलं म्हणून तुम्ही परस्पर सुरू करू नका, आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

दिवेकरांचं सांगणं बरोबर उलट्या टोकाचं. उठल्यावर थोड्या वेळात काहीतरी खा, चहानं सुरुवात नको, मग दर दोनेक तासांनी थोडं थोडं. घरचं, हंगामी, आपल्या भागात पिकणारं खा, तुपाला आणि भाताला घाबरू नका. यातला 'आपल्या भागातलं' हा भाग मला मनापासून पटतो. ज्वारी, नाचणी, शेंगदाणे, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, पावट्या-वरण्याची आमटी घरात असताना महागड्या पाकिटातल्या ओट्सची आणि लेबलवर 'डाएट' लिहिलेल्या चिवड्याची गरज नाही. खाण्यावरून स्वतःला अपराधी समजण्यातून तर त्यांनी कितीतरी बायकांना मोकळं केलं.

अडचण 'थोडं' या मापात आहे. आपलं थोडं म्हणजे किती, हे कोल्हापुरात सांगायला नको. शिवाय गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यानं दर दोन तासांनी काय खायचं? कॅंटीनमध्ये जे असेल ते, आणि तिथं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथलं आहे म्हणून ते मोकळ्या हातानं घ्यावं असंही नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरी जवळपास सारख्याच. ६.१ वाल्याला गुळाच्या चहाची सवलत नाही.

तिसरं मत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं. मे २०२४ मध्ये त्यांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात वेळेवरून भांडण नाही, फक्त दिवसभराचं ताट आहे. २००० कॅलरींच्या हिशेबानं कोरडं धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (अंडी-मांस त्यातच) ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या बिया ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. मीठ ५ ग्रॅमच्या आत. वाचायला रुक्ष, आणि काटा घेऊन कुणी जेवायला बसत नाही. म्हणून महिन्याच्या बाजाराचा हिशेब लावा.

चौघांचं घर धरू. माणशी २७ ग्रॅम म्हणजे रोज १०८ ग्रॅम तेल-तूप. तूप, लोणी एक थेंबही न खाता १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरला पाहिजे. तुमचा किती दिवसांत संपतो? घाण्याचं की रिफाइंड हा वाद त्यानंतरचा. तेच मिठाचं: एक किलोची पुडी ५० दिवस, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाणातलं मीठ धरलेलंच नाही. धान्याचं पाहा: बेताच्या तीन भाकऱ्या आणि वाटीभर भात झाला की २५० ग्रॅम जवळपास संपले. सकाळचे पोहे यातूनच वजा करायचे.

इथंच आपलं ताट बिघडतं. आयसीएमआरच्याच पाहणीवरून २०२५ साली आलेल्या अभ्यासात भारतीयांच्या कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं मैद्यासारख्या धान्याच्या जागी अख्खा गहू किंवा भरड धान्य आणल्यानं मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही, कर्बोदकं थोडी कमी करून जागी प्रथिनं आली तर दिसला. चपाती सोडून चार ज्वारीच्या भाकऱ्या खाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मिसळ यात बसते का? बसते. मटकीची उसळ हाच तिचा जीव आहे. उसळ जादा, फरसाण चिमूटभर, कटाचा तवंग बाजूला आणि पाव एकच. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस असते, तेव्हा तो सूप समजून वाटीवर वाटी पिणं बंद करा. मटणाचे तुकडे खा, भाताचा ढीग कमी करा. दूध कट्ट्यावर म्हशी पिळून देतात त्या धारोष्ण दुधाबद्दल एवढंच सांगतो की ते घरी आणून उकळा. आणि तालमीतली खुराक जोर-बैठका मारणाऱ्यांसाठी असते, गुजरीत सराफाच्या गादीवर बसणाऱ्यांसाठी नाही.

मग निवड काय? ताट पोषण संस्थेचं घ्या, त्यावर वाद नको. वेळापत्रक आपल्या दिवसाप्रमाणे. मधल्या वेळी तोंड चालवायची सवय असेल आणि साखर खाली आणणारं औषध नसेल, तर दोन जेवणं करून बघा, पण दोन्ही वेळा डाळ किंवा उसळ भातापेक्षा जास्त दिसली पाहिजे. भूक आवरत नाही, रात्री फ्रीज उघडला जातो, अशी गत असेल तर दिवेकरांच्या वाटेनं जा, फक्त दर वेळचं खाणं घरून डब्यात भरून न्या. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी आणि 'लो सोडियम' मीठ आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं, त्या मिठात पोटॅशियम असतं. गरोदर बायका आणि वाढत्या वयातली मुलं यांनी दोन जेवणांच्या भानगडीत पडू नये.

काहीही धरा, पंधरा दिवसांत सोडू नका आणि पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासायलाही धावू नका. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तोवर लॅबला दिलेले पैसे वाया. दरम्यान शिंप्याची टेप पुरते: कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत.