तंगूस, ऑइल सील आणि ५५ पौंडांची ट्रोलिंग मोटर: उजनीवरचे अकरा महिने

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. उजनी धरणाच्या पाण्यावर, डिकसळच्या जुन्या पुलाच्या अलीकडे, माझ्या बोटीत पक्षी बघायला आलेली पुण्याची पाच माणसं, समोर फ्लेमिंगोंचा थवा, आणि माझी ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट चालवणारी बॅटरीवरची मोटर, बंद पडली. आधी आवाज बदलला. एरवी टेबलफॅनसारखी गुणगुण असते ती जाड झाली, हँडल थरथरायला लागलं, जळकट वास सुटला आणि ६० अँपिअरचा ब्रेकर पडला. चढवला, परत पडला. बोटीत बांबू होता म्हणून निभावलं. पाऊण तास रेटत रेटत कुंभारगावच्या काठाला आलो. पाहुण्यांनी ठरलेले पैसे पुढे केले, मी अर्धेच घेतले. पुरे घेववले नाहीत.

मोटर घेऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. १२ व्होल्ट, ५५ पौंड थ्रस्ट (बोट ढकलायचा जोर), पुढे पाच आणि मागे तीन स्पीड, ३६ इंची दांडा, चोवीस हजार रुपये. घेण्याआधी थ्रस्ट किती, बॅटरी किती, एवढ्याच चौकशा मी केल्या. त्या चुकल्या नाहीत. ज्या दोऱ्याने माझा सीझन खाल्ला त्याबद्दल मात्र ना मी विचारलं, ना कोणी सांगितलं.

काठावर आधी बॅटरीची वायर काढली, मग पान्याने पंख्याचा नट सोडला. पंखा निघेना. दोन्ही बाजूंनी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तेव्हा सुटला. मागे, पंखा आणि मोटरीचं तोंड यांच्यामधल्या बोटभर फटीत तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळला गेला होता. चिलापी माशाच्या जाळ्याचा, आम्ही सगळेच वापरतो तो. वरचे वेढे ब्लेडने कापून उलगडले तर दोन वाव भरले. आतला थर उलगडेना, कारण तो वितळून, पंखा ज्यावर बसतो त्या शाफ्टभोवती अंगठीसारखा बसला होता, पिवळट आणि काचेसारखा कडक. त्या अंगठीने ऑइल सीलची, म्हणजे पाणी आत जाऊ न देणाऱ्या कड्याची, रबरी कड कापली होती. मोटर तोंडाकडून तिरकी धरली तर आतून राखाडी पाणी ठिबकायला लागलं.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर एका वाक्यात आलं: पाणी शिरलेल्या मोटरीला वॉरंटी नाही. जी वस्तू पाण्यात बुडवूनच चालवायची, तिच्यात पाणी शिरलं तर दोष गिऱ्हाइकाचा, हे ऐकून माझं डोकं फिरलं. फोनवर फोन केले, व्हिडिओ पाठवले. शेवटी म्हणाले, तुमच्या खर्चाने पाठवा, बघतो. नऊशे रुपये कुरिअरला गेले. तीन आठवड्यांनी मोटर आली तशीच परत, वर एक कागद चिकटवून. मोटर उघडायचे बोल्टसुद्धा हलवलेले नव्हते. त्यांच्यावरचा आमच्याकडचा चिखल तसाच वाळलेला होता. आमचा पक्ष्यांचा धंदा डिसेंबर ते मार्च. त्यातले तीन आठवडे म्हणजे काय, हे काठावरच्या कोणालाही विचारा.

शेवटी बारामतीला मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका रिवायंडिंगवाल्या तात्यांकडे घेऊन गेलो. तात्या वयाने सत्तरीचे असतील. त्यांनी माझ्यासमोर खोलली. मागचे दोन लांब बोल्ट काढले, झाकण सोडवलं आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ओढायला लागले. आत कायमचे चुंबक असतात, ते आर्मेचर सोडत नाहीत. अर्धं आलं की खटकन परत आत ओढतात. "बोट घालू नको मधे," तात्या म्हणाले आणि पायाखाली दाबून एका दमात बाहेर काढलं. ब्रश गंजाने जागेवरच अडकले होते, स्प्रिंग तुटली होती. वाइंडिंग वाचलं होतं. आर्मेचर दिवसभर उन्हात वाळवलं, नवे ब्रश, नवी ओ-रिंग आणि बेअरिंगच्या दुकानातून आणलेलं साठ रुपयांचं ऑइल सील. सगळे मिळून चौदाशे रुपये झाले. चोवीस हजारांची मोटर साठ रुपयांच्या रबरावर उभी आहे, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ही मोटर घेऊ नका. पण मार्चमध्ये माझ्या धाकट्या मुलीने मोटरीच्या डब्यातलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवलं. त्यात चित्रासकट दिलंय की वापरानंतर पंखा काढून मागे दोरा अडकलाय का ते पाहा. म्हणजे अर्धी चूक माझी. अर्धी विकणाऱ्याची, कारण पक्षी दाखवायची बोट आहे, आजूबाजूला जाळी असतात, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं.

आता रोज काठाला लागलो की पहिलं काम तेच: वायर काढायची, नट, वॉशर, पंखा, पिन, बोटाने शाफ्टभोवती चाचपायचं. तीन मिनिटं लागतात. मार्चपासून वहीत खूण करतो आहे. ९४ वेळा पंखा काढला, ३१ वेळा दोरा निघाला. कधी वीतभर, कधी जाळ्याचा सबंध तुकडा. सील अजून कोरडं आहे. चालताना आवाज जरासा जाड वाटला तरी थांबून, मोटर उचलून बघतो. आणि जाळी ओढणाऱ्या सगळ्या भावांना हात जोडून विनंती आहे, फाटलेल्या जाळ्याचे तुकडे पाण्यात टाकू नका. माझ्या मोटरीचं सोडा, त्यात पाणकावळे अडकून मेलेले मी स्वतः सोडवलेत.

बॅटरीचं थोडक्यात. सुरुवातीला घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी लावली. साठ किलो वजन, काठापासून घरापर्यंत दोन माणसं लागायची, बोटीचा मागचा भाग बसायचा. पाचव्या स्पीडला मोटर ४८ अँपिअर ओढते (क्लॅम्प मीटर लावून बघितलंय), आणि इतक्या जोरात ओढलं की लेड-ॲसिड बॅटरी कागदावरचे एएच देत नाही. चार महिन्यांत तिचा जीव गेला. मग अठ्ठावीस हजारांची १०० एएच लिथियम फॉस्फेट घेतली, बारा किलोची. तिसऱ्या स्पीडला २० अँपिअर, म्हणजे चार तास निर्धास्त. रात्री चार्जिंगला दीड युनिट जातं. पूर्वी सकाळच्या दोन फेऱ्यांना तीन लिटर पेट्रोल जायचं. ज्याला हिशेब करायचाय त्याने करावा, माझा लिथियमचा पैसा एका सीझनमध्ये वसूल होईल.

मोटरीच्या डोक्यावरच्या चार दिव्यांवर मात्र लिथियमसोबत विश्वास ठेवू नका. बॅटरी किती उरली ते दाखवणारे हे दिवे लेड-ॲसिडच्या व्होल्टेजवर बेतलेले असतात. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं उतरत नाही, त्यामुळे दिवे पूर्ण दाखवतात आणि मग बॅटरी एकदम बंद होते. किती करंट गेला ते मोजणारा, आठशे रुपयांचा शंटवाला मीटर वेगळा बसवा.

इतका त्रास होऊनही ही मोटर मी का ठेवली, तर आवाजासाठी. पेट्रोल इंजिन असताना थवा दिसला की दीडशे मीटरवर इंजिन बंद करून बांबू घ्यायचो, तरी कडेचे पक्षी मान वर करून चालायला लागायचे. पहिल्या स्पीडला ही मोटर पाण्यात आहे हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. डिसेंबरात एकदा पहाटे धुक्यात थांबलो होतो आणि फ्लेमिंगो चोच उलटी बुडवून चिखल गाळतात तो आवाज ऐकू आला, शेकडो चोचींचा, बारीक, भात शिजताना येतो तसा. वीस वर्षं या पाण्यावर आहे, तोपर्यंत तो मी ऐकला नव्हता. बोटीतल्या आजी डोळे मिटून ऐकत बसल्या. जवळ जाता येतं म्हणून अगदी जवळ नेऊ नका, पक्षी उठला की त्याचं खाणं तुटतं.

वाऱ्याचं वेगळं सांगतो. शंभर पौंड वजनाला दोन पौंड थ्रस्ट हा ठोकताळा बरोबर आहे. माझी बोट, सहा माणसं आणि बॅटरी मिळून सातशे किलो, म्हणजे सुमारे पंधराशे पौंड, त्याला तीस पौंड पुरतात. शांत पाण्यात फोनच्या जीपीएसवर ताशी पाच किलोमीटर मिळतात. एप्रिलच्या एका दुपारी समोरून वारा आला तेव्हा पाचव्या स्पीडला ताशी दीड मिळत होते आणि बोट आडवी जात होती. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी ते कुगावच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून पेट्रोलचं इंजिन विकलं नाही, ते बोटीतच असतं, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट काठ सोडत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरून धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की बुडालेल्या बाभळींची खुंटं आणि जुन्या भिंती पंख्याला लागतात. पंखा शाफ्टला धरून ठेवणाऱ्या दोन पिना तुटल्या. पिन तुटते म्हणून मोटर वाचते, तिच्या जागी खिळा घालू नका.

दादाला त्याच्या जाळ्याच्या बोटीला हीच मोटर हवी आहे. मागच्या आठवड्यात विक्रेत्याला फोन करून सांगितलं की बिलासोबत दोन ऑइल सील, एक ओ-रिंग आणि सहा पिना द्या, नाहीतर घेणार नाही. पिना देतो म्हणाले. सीलचं विचारून सांगतो म्हणाले आहेत.