आजीचा ब्लाउज : उसवून बसवायचा की तसाच नवा शिवायचा, आणि मजुरी किती सांगायची?

ट्रंकेतला जुना रेशमी ब्लाउज घेऊन गिऱ्हाईक दारात येतं तेव्हा मागणी एकच असते: "ताई, एवढा मला बसवून द्या." शिवणाऱ्या बाईसमोर मात्र दोन वाटा असतात. तोच ब्लाउज उसवून नव्या मापाला बसवायचा, किंवा त्याचा बेत, म्हणजे कापायचा नमुना, कागदावर उतरवून नव्या कापडात तसाच शिवायचा. पहिलं काम छोटं दिसतं म्हणून मजुरीही छोटी सांगितली जाते आणि तिथेच गणित फसतं. नव्या कापडाला उसवणी नसते. जुन्याला आधी उसवा, तुटके दोरे वेचा, इस्त्रीने शिवण सपाट करा, आणि मग कुठे शिवायला बसा.

आधी आत बघा, मग बोला

ब्लाउज उलटा करून बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दडवलेलं जादा कापड, किती आहे ते टेपने मोजायचं, अंदाजाने नाही. हिशोब सोपा आहे. शिवणीच्या प्रत्येक पदराला १ इंच माया असेल, तर पाव इंच शिवणीसाठी ठेवून पाऊण इंच सोडता येते. दोन बाजू, प्रत्येकी दोन पदर, म्हणजे चार वेळा पाऊण: छाती ३ इंच वाढली. माया अर्धाच इंच असेल तर वाढ फक्त १ इंच. गिऱ्हाइकाला ४ इंच हवेत आणि आत अर्धा इंच आहे, तर तो ब्लाउज उसवण्यात अर्थ नाही. हे दारातच सांगावं.

छाती सुटली तरी दंड अडतो. बाहीत बहुधा अर्ध्या इंचाच्या वर माया नसते. अशा वेळी बगलेत २ ते अडीच इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, घालतात. तो त्याच कापडाचा मिळाला तर उत्तम. खालच्या दुमडीतून किंवा पाठीच्या गाठीच्या पट्ट्यांतून निघतो का बघावं. नाहीतर जवळच्या रंगाचा साधा तुकडा चालतो, हात खाली असताना तो दिसत नाही. पण चौबगल्याने जागा बगलेपाशी होते, दंडाच्या मध्यावर नाही. दंडाच्या मध्यावरच घट्ट होत असेल तर बाही बदलण्यावाचून इलाज नाही.

आवळणं सोपं वाटतं, तेही एका हद्दीपर्यंत. एकूण २ इंचांपर्यंत बाजूच्या शिवणी आत घेऊन भागतं. त्याहून जास्त घेतलं की मुंडा (बाही जोडायचा गोल) वाकडा होतो, टक्सची (छातीच्या उभारासाठी घातलेल्या चिमट्यांची) टोकं बगलेकडे सरकतात आणि मागचा गळा उघडा पडतो. खांदा उतरत असेल तर बाह्या काढूनच तो वर घ्यावा लागतो. खांद्यावरच चिमटा घेऊन शिवण मारली तर तिथे गोळा येतो आणि गिऱ्हाईक आठवड्याने परत येतं.

कापड तग धरेल का?

सगळा निर्णय खरं तर इथे आहे. ब्लाउज खिडकीच्या उजेडासमोर धरा. बगलेत आणि पाठीवर विरळ जागा दिसली तर ती घामाने खाल्लेली आहे. मग बाजूची शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच आडवी ताणा. टाक्यांची भोकं लांबट झाली, शिवण फाकली, तर ते रेशीम नवा टाका पेलणार नाही.

सांगलीत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: हे कापड पुरात भिजलं होतं का? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा कपाटं आणि ट्रंकाही बुडाल्या. गाळाचे बारीक कण धाग्यांत अडकून राहतात आणि घडीच्या रेषेवर कापड कापतात. लोखंडी हुकांचा गंज कापडात उतरलेला असतो. तो डाग सहसा निघत नाही, उलट त्याच जागी भोक पडतं. असा ब्लाउज बसवून देण्याचं कबूल करू नये. त्याचे काठ काढून नव्या बाहीला लावून देणं हा जास्त प्रामाणिक तोडगा.

कापड पक्कं निघालं तरी दोन गोष्टी गिऱ्हाइकाला आधीच दाखवाव्यात. शिवण सोडली की जुन्या टाक्यांची ओळ रेशमावर राहते, आणि इतकी वर्षं आत दडलेली पट्टी बाहेरच्या कापडापेक्षा गडद दिसते. सुतीवर ओल्या फडक्यातून इस्त्री फिरवली की भोकं बरीचशी मिटतात. रेशमावर ती मिटत नाहीत, वर पाण्याचे डाग मात्र पडतात.

काम करताना उसवायला ब्लेड नको. सीम रिपरने (टाके तोडायच्या छोट्या हत्याराने) एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका तोडा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढून घ्या. सुई नवी, ११ नंबरची. टाका इंचाला १० ते १२. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते हा समज जुन्या रेशमाला लागू नाही. भोकं इतकी जवळ पडतात की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं रेषेवर फाटतं. जाड पॉलिस्टर दोराही टाळावा. ताण आलाच तर दोरा तुटावा, कापड नाही. मेणाचा खडू रेशमावर वापरून वरून इस्त्री केली तर डाग कायमचा. कच्चा टाका घालून खूण केलेली बरी.

तीच धाटणी, नवं कापड

इथे वेळ जास्त लागतो पण धोका कमी. जुना ब्लाउज उसवायचीही गरज नसते. मध्यरेषेवर घडी घालून तपकिरी कागदावर टाचण्यांनी पसरवा, शिवणींच्या रेषा टोचून कागदावर उतरवा, मग खांदा, मुंडा, छाती, उंची टेपने पडताळा. टक्स मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. पन्नास-साठच्या दशकातल्या ब्लाउजांचे टक्स त्या काळच्या टोकदार अंतर्वस्त्रांवर बेतलेले असतात. आज ती टोकं नुसती पोकळ उभी राहतात. टक्सचं टोक गिऱ्हाइकाच्या अंगावर मोजूनच ठरवावं.

बाजूला १ इंच, खांद्याला अर्धा, गळ्याला पाव इंच माया ठेवून पहिला बेत मांजरपाटात, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडात, कापायचा. कच्च्या टाक्यावर एकदा अंगावर घालून बघितल्याशिवाय खणाला किंवा रेशमाला कात्री लावू नये. मांजरपाट स्वस्त आहे, खण पुन्हा तसाच मिळेल याची खात्री नसते.

सांगलीत या कामाला खण जास्त येतो, कारण कर्नाटकातली गुळेदगुड्ड आणि इलकल ही विणकरांची गावं सीमेपलीकडे फार लांब नाहीत. पारंपरिक खणाचा पन्हा (रुंदी) साधारण ३० इंचांच्या आसपास, त्यामुळे ३६ छातीला कोपरापर्यंतच्या बाह्यांसह सव्वा मीटर धरावा. काठ बाहीच्या तोंडाला हवा असेल तर बाह्या आधी मांडायच्या, अंग नंतर. उलट क्रम केला की काठ अंगातच संपतो. कापायच्या आधी कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून रंग सुटतो का पाहावं. अस्तराचं सुती कापड रात्रभर भिजवून वाळवूनच वापरावं. न भिजवलेलं अस्तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरच्या खणाला सुरकुत्या पडतात.

फुग्याच्या बाहीत बहुतेकींचं एकच चुकतं: चुण्या सगळ्या मुंड्यावर वाटल्या जातात. कागदी बाहीला उभे काप देऊन ती एकूण ३ इंच पसरवा, माथा पाऊण ते १ इंच उंच करा, आणि चुण्या माथ्यावरच्या ५-६ इंचांतच घ्या. बगलेत चुण्या गेल्या की हात खाली राहत नाही. अंगाचा खांदा अर्धा इंच आत घ्यावा, म्हणजे फुगा खांद्यावर बसतो, दंडावर लोंबत नाही. मऊ खणात फुगा दुपारपर्यंत चपटा होतो. आतून ऑर्गंडीची (पातळ पण कडक सुती कापडाची) पट्टी दिली की उभा राहतो.

(तिसरी वाट म्हणजे तयार ब्लाउज विकत घेऊन त्याला जुनं रूप देणं. त्यात शिवणी ओव्हरलॉक केलेल्या आणि माया जेमतेम पाव इंच. आवळता येतो, सोडता येत नाही.)

तेव्हा कापड पक्कं असेल आणि हवी ती वाढ मायेत बसत असेल तर जुनाच बसवावा, कारण ती वीण आणि तो काठ आज विकत मिळत नाही. दोन्हींपैकी एक जरी अट मोडली तरी बेत काढून नवा शिवावा. निम्मं-निम्मं करण्याच्या नादात जुना ब्लाउजही जातो.

नगावर दर की वेळेवर?

नगावर दर सांगायला सोपा आणि गिऱ्हाइकाला पटकन पटणारा. पण "आल्टर पन्नास रुपये" या पाटीखाली अर्ध्या तासाचं काम येतं आणि साडेतीन तासांचंही येतं. तासावर दर न्याय्य, पण "किती होतील?" याला "बघू" हे उत्तर कुणाला आवडत नाही. म्हणून हिशोब वेळेवर करावा आणि आकडा आधीच सांगावा.

उदाहरणासाठी धरू: महिन्याला हातात १५,००० रुपये हवेत, कामाचे दिवस २५. दिवसभर घर सांभाळून मशीनवर खरे ५ तास भरतात, म्हणजे १२५ तास. तासाला १२० रुपये झाले. वीज, दोरे, सुया, मशीनची दुरुस्ती आणि जागेचा वाटा मिळून २,५०० रुपये, म्हणजे तासाला आणखी २०. एकूण १४०, पाव तासाला ३५. आता प्रत्येक कामाचे पाव तास मोजायचे:

बाजूच्या शिवणी सोडणं, अस्तर नसताना: २ पाव, ७० रुपये. अस्तर असेल तर दुप्पट.
दोन्ही बगलांत चौबगले: ४ पाव, १४०.
हूकपट्टी काढून पुन्हा लावणं: २ पाव, ७०.
बाह्या काढून खांदा वर घेणं: ६ पाव, २१०.
पूर्ण उसवून नव्याने बेतणं: १४ पाव, ४९०.
जुन्या धाटणीचा नवा, अस्तरासह: २० पाव, ७००. फुग्याच्या बाह्यांचे ४ पाव वेगळे.
कागदी बेत काढणं: ३ पाव, १०५, एकदाच. त्याच बेतावर दुसरा ब्लाउज आला तर हे घ्यायचे नाहीत.

तुमचा वेग वेगळा असेल. चार-पाच कामं घड्याळ लावून करा आणि स्वतःचे पाव तास लिहून ठेवा. उसवणी, दोरे वेचणं, अंगावर घालून बघणं हे सगळं त्यात मोजलंच पाहिजे. बहुतेक जणी फक्त मशीन चालतं तेवढाच वेळ धरतात.

"एवढ्यात तर नवीन शिवून मिळतो" हे ऐकावंच लागतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा ब्लाउज उलटा करून उघडाव्या लागणाऱ्या शिवणी एकेक बोट ठेवून मोजून दाखवाव्यात. सात शिवणी डोळ्यांनी पाहिल्या की आकडा जड वाटत नाही. रेशीम भारी आहे म्हणून दर वाढवणं किंवा सुती साडीवरचा आहे म्हणून कमी करणं, दोन्ही चूक. उघडायच्या शिवणी तेवढ्याच असतात. जुन्या रेशमाला मात्र हात सांभाळून चालवावा लागतो, त्याचे २ पाव वेगळे लावावेत आणि तसं सांगून लावावेत.

आपणच शिवलेल्या ब्लाउजचं पहिलं फिटिंग फुकट. जुन्या कापडाच्या पावतीवर मात्र आधीची विरळ जागा, डाग आणि गंज लिहून घ्यावेत, आतली माया किती होती तेही, आणि ब्लाउज उसवण्याआधीच गिऱ्हाइकाची सही घ्यावी.