एससीबी-६८ टर्मिनल ब्लॉक: कार्डाच्या आधी या डब्याची चौकशी करा

डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड, म्हणजे सेन्सरचे सिग्नल मोजून कॉम्प्युटरला देणारं कार्ड, घेताना सगळे बिट विचारतात, सॅम्पलिंग रेट विचारतात. सिग्नलच्या तारा नेमक्या कुठे आवळायच्या हा प्रश्न मात्र अगदी शेवटी निघतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी निघायला हवा. पंप आणि मोटरच्या टेस्ट बेंचवर मी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा एससीबी-६८ हा टर्मिनल ब्लॉक, म्हणजे तारा जोडायचा डबा, रोज वापरते. कार्ड आहे पीसीआय-६२२१, म्हणजे १६ बिट, १६ सिंगल-एंडेड (ग्राउंड सामायिक असलेले) किंवा ८ डिफरन्शियल (दोन तारांमधला फरक मोजणारे) चॅनेल. रीडिंग स्वच्छ येतं त्याचं अर्धं श्रेय मी या डब्याला देते.

दिसायला साधा धातूचा डबा. कार्डाकडून आलेली शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल ६८ पिनांच्या कनेक्टरमध्ये बसते, आणि झाकण काढलं की आत तेवढेच स्क्रू टर्मिनल. सेन्सरच्या तारा जिथून आत शिरतात तिथे एक आडवी पट्टी आहे. ती नीट आवळली की बाहेरून केबल ओढली गेली तरी ताण टर्मिनलपर्यंत पोचत नाही. बेंचभोवती माणसांची ये-जा असते तिथे ही पट्टी फार उपयोगी पडते.

टर्मिनलवर चॅनेलचे नव्हे, पिनचे नंबर आहेत. चॅनेल ० म्हणजे ६८, आणि डिफरन्शियलमध्ये त्याची जोडीदार असलेली चॅनेल ८ म्हणजे ३४. नवीन माणूस यावर हमखास अडखळतो. पण ६८ आणि ३४ हे दोन स्क्रू एकमेकांना लागून आहेत! तसंच चॅनेल १ साठी ३३ आणि ६६. त्यामुळे ट्विस्टेड पेअरचा पीळ थेट स्क्रूपर्यंत ठेवता येतो, शेवटच्या बोटभर अंतरात दोन तारांना फाकावं लागत नाही. रचना करणाऱ्याने इथे खरंच विचार केला आहे. पिनांची यादी झाकणाच्या आतल्या लेबलवर असते. ती आपल्याच कार्डाची आहे ना, एवढं आधी पाहून घ्यावं.

या ब्लॉकची खरी किंमत थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर, लावल्यावर कळते. के टाइप थर्मोकपल एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. कार्ड ±१० व्होल्टच्या रेंजवर ठेवलं तर १६ बिटांची एक पायरी ३०५ मायक्रोव्होल्टची होते, म्हणजे सात अंशांहून जास्त. बेअरिंग तापतंय की नाही हे त्यातून कळणारच नाही. रेंज ±०.२ व्होल्ट केली की पायरी सुमारे ६ मायक्रोव्होल्टवर येते, म्हणजे ०.१५ अंश. एवढ्या बारीक सिग्नलला मेन्सच्या विजेचा हम (गुणगुण) सहज गिळतो, म्हणून शील्ड लागतंच. एका दुसऱ्या कंपनीच्या उघड्या ब्लॉकवर हेच थर्मोकपल जोडून पाहिलं होतं. शेजारची मोटर सुरू झाली की आलेख जाड पट्ट्यासारखा दिसायचा.

शील्ड असलं तरी ग्राउंडचा विचार आपल्यालाच करावा लागतो. पत्र्याला न टेकलेलं थर्मोकपल फ्लोटिंग, म्हणजे ग्राउंडशी न जोडलेलं, असतं. ते डिफरन्शियलमध्ये नुसतं जोडून सोडलं तर रीडिंग हळूहळू सरकत जाऊन रेंजच्या टोकाला टेकतं, कारण इनपुटमधून वाहणाऱ्या अगदी बारीक बायस करंटला परतीची वाटच नसते. निगेटिव्ह बाजूपासून एआय (अॅनालॉग इनपुट) ग्राउंडपर्यंत १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला की प्रश्न मिटतो. त्यासाठी बोर्डवर प्रत्येक चॅनेलला जागा दिलेली आहे. ४-२० मिलिअँपच्या प्रेशर ट्रान्समीटरसाठी २५० ओहमचा रेझिस्टरही तिथेच बसतो, आणि १ ते ५ व्होल्ट मिळतात. फक्त हे सगळं सोल्डर करावं लागतं, बोर्ड बाहेर काढून. सेन्सर वरचेवर बदलणाऱ्याला ते जिकिरीचं वाटेल, हे मान्य.

थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरकच सांगतं, म्हणून स्क्रूकडच्या टोकाचं, म्हणजे कोल्ड जंक्शनचं, तापमान मोजून भरपाई करावी लागते. त्यासाठी आतच तापमान सेन्सर आहे, अंशाला १० मिलिव्होल्ट देणारा. आतल्या स्विचांनी तो चालू केला की चॅनेल ० त्याच्याकडे जातो. डिफरन्शियलमध्ये हाताशी सातच उरतात, तेव्हा मोजणी ठरवतानाच हा हिशोब धरावा. झाकण बंद ठेवावं आणि डबा पंख्याच्या झोतात ठेवू नये. सेन्सर आणि स्क्रू यांचं तापमान सारखं राहिलं तरच ती भरपाई बरोबर होते.

रिकाम्या चॅनेलवर शेजारच्या चॅनेलचा सिग्नल उमटलेला दिसला तर कार्ड बिघडलं असं समजू नका. कार्डाच्या आत व्होल्टेजचे आकडे करणारा एकच कन्व्हर्टर आहे आणि मल्टिप्लेक्सर चॅनेल आळीपाळीने त्याला जोडतो. मोकळ्या इनपुटवर आधीच्या चॅनेलचा चार्ज तसाच राहतो. स्कॅनमध्ये घेतलेले पण न वापरलेले इनपुट मी एआय ग्राउंडला बांधून टाकते.

तारांबद्दल एकच आग्रह: बारीक पदरांच्या तारेला टोकाशी फेरूल (दाबून बसवायची धातूची नळी) लावा, सोल्डर चढवू नका. सोल्डर स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि आवळलेला स्क्रू सैल होतो. आणि ८ व १४ नंबरच्या टर्मिनलवर +५ व्होल्ट असतात, तिथे सुटा पदर शेजारी टेकला तर शॉर्ट ठरलेलाच.

नुसते डिजिटल सिग्नल किंवा दोन-चार व्होल्टचे दणकट सिग्नल असतील तर याच कंपनीचा सीबी-६८एलपी हा उघडा, लहान बोर्ड पुरेसा आहे. थर्मोकपल, स्ट्रेन गेजच्या (ताणाने होणारा बदल मोजणाऱ्या सेन्सरच्या) अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट, लांबून आलेल्या केबल असं काही असेल तर एससीबी-६८ घ्या. मात्र यात आयसोलेशन, म्हणजे सिग्नल आणि कार्ड यांचा विजेचा थेट संबंध तोडणारी सोय, नाही. मेन्सचं व्होल्टेज मोजायचं असेल तर मधे आयसोलेटेड मॉड्यूल हवंच, ती तार थेट या डब्यात कधीही आणू नका.