आईचा गुडघा आणि तीन पानांचे बिल

आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण गेल्या हिवाळ्यात जळगावातील एका लहान अस्थिरोग रुग्णालयात करून घेतले. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी एमआरआयसह सगळ्याचे एकच ‘पॅकेज’ सांगण्यात आले होते. त्यात कृत्रिम सांध्याची किंमत किती, या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही.

या लहान रुग्णालयातील डॉक्टरांनी आईला उभे करून काढलेला एक्स-रे दाखवला. सांध्याच्या आतल्या बाजूची फट पूर्ण मिटली होती, आणि झीज इतकी उघड दिसत असताना एमआरआयने निर्णय बदलणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उलट रक्तातील साखर आटोक्यात नाही म्हणून शस्त्रक्रियाच दीड महिना पुढे ढकलली. तेव्हा आम्ही कुरकुरलो. पण वाढलेल्या साखरेमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि तो सांध्यापर्यंत पोहोचला तर बसवलेला सांधा काढून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी येऊ शकते, हे त्यांनी समजावून दिल्यावर गप्प बसलो.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या संचाची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. सांध्याची किंमत, ब्रँड आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा दाखवण्याचे बंधनही त्याच आदेशात होते. येथे तो दाखवला होता आणि खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला होता; दोन्हींवरचे क्रमांक मी जुळवून पाहिले. केळी विकताना वजनकाट्याकडे डोळे लावून बसणाऱ्याला ही खोड असतेच.

रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे स्वस्त इंजेक्शन दिले होते आणि रक्ताची पिशवी चढवावी लागली नाही. जखमेत नळी ठेवलेली नसल्याने आई त्याच संध्याकाळी वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेली, तिसऱ्या दिवशी रावेरला घरी आली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने आधी तिच्याकडून आणि मग माझ्या बायकोसमोर पुन्हा करून घेतला, त्यामुळे घरी रोज माणूस बोलवावा लागला नाही.

दोन तक्रारी मात्र आहेत. तोच वॉकर बाहेरच्या दुकानात स्वस्त होता, आणि विम्याच्या कागदांपायी सुटीच्या दिवशी अर्धा दिवस बाकावर गेला.

मांडी घालून बसायचे नाही, हे आईला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले होते. यंदाचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तिने खुर्चीवर बसून, सुनांना ओरडत करून घेतले.