अलेप्पीची हाउसबोट नाशिकहून बुक करताय? पैसे कुठे कापले जातात ते आधी बघा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नाशिकमध्ये केरळच्या टूरच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात अलेप्पीच्या हाउसबोटचा फोटो हमखास असतो. दुमजली बोट, वर वेताच्या खुर्च्या, मागे नारळीची रांग. फोटोतली बोट खरी असते, फक्त ती तुमच्या वाट्याला येणार नसते.

कॉलेज रोडवर ऑफिस असलेला असो की नुसता व्हॉट्सअ‍ॅपवरचा, आपला एजंट सहसा बोटवाला नसतो. तो बुकिंग कोचीच्या एजंटला देतो, कोचीवाला अलेप्पीच्या दलालाला, आणि दलाल आदल्या रात्री जी बोट रिकामी असेल तिच्या मालकाला फोन लावतो. मधला प्रत्येक जण आपलं कमिशन काढून घेतो. उरलेल्या पैशांत मालकाला चालक, इंजिनवाला आणि स्वयंपाकी यांचे पगार, तुमचं जेवणखाण आणि डिझेल भागवायचं असतं. पगार कापता येत नाही, जेवण कापलं तर लगेच बोंब होते. राहतं डिझेल, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

कोटेशनमध्ये ‘२१ तासांची क्रूझ’ लिहिलेलं असतं. दुपारी १२ ला चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला उतरायचं, म्हणून २१. पण संध्याकाळी साडेपाच-सहाला सगळ्याच हाउसबोटी काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. हा तिथला नियमच आहे, त्यात लबाडी नाही. जेवणासाठीही तासभर बोट उभी राहते. म्हणजे प्रामाणिक बोटही प्रत्यक्षात चार-पाच तासच चालते. लबाडी होते ती या चार-पाच तासांत. १२ ला बोलावून ‘साफसफाई चालू आहे’ म्हणत दीडला सोडतात, जेवणाला दोन तास थांबवतात, वेंबनाड तलावाच्या मोकळ्या पाण्यात न नेता अलेप्पीलगतच्या पुन्नमडाच्या आसपासच एक चक्कर मारतात आणि साडेचारला दोर बांधून मोकळे. कोणत्या मार्गाने नेणार आणि किती वाजता बांधणार, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

एसीचंही तसंच. साध्या ‘डिलक्स’ बोटीत एसी बहुधा रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच चालतो. दिवसभर हवा असेल तर वरचा वर्ग घ्यावा लागतो आणि त्याचा दर वेगळा. व्हाउचरवर मात्र नुसतं ‘एसी रूम’ छापलेलं असतं. शिवाय जनरेटर बोटवाल्याच्या हातात असल्यामुळे तो पहाटे चारलाच बंद झाला तर झोपेत पटकन कळतही नाही. एसीची वेळ तासांसकट लिहून मागा.

व्हाउचरवरचा सगळ्यात महागडा शब्द म्हणजे शेवटी बारीक अक्षरात टाकलेला ‘ऑर सिमिलर’, म्हणजे ‘किंवा तशीच दुसरी बोट’. एका बेडरूमच्या खाजगी बोटीऐवजी तीन बेडरूमच्या बोटीतली एक खोली देतात, बाकीच्या दोन खोल्यांत अनोळखी मंडळी, आणि वर सांगायला मोकळे की बोट तर मोठी दिली! शाकाहारी किंवा जैन कुटुंबांची इथे जास्त पंचाईत होते, कारण स्वयंपाकघर एकच असतं. हे टाळायचं तर बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही मागून घ्या. क्रमांक बोटीवर रंगवलेला असतो. जेट्टीवर पोहोचल्यावर तो कागदाशी जुळवायचा आणि मगच सामान चढवायचं.

नोंदणी म्हणजे नुसता सोपस्कार नव्हे. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. ती मासेमारीची बोट बदलून केलेली होती आणि तिच्यात माणसंही क्षमतेपेक्षा जास्त होती. म्हणून बोटीची प्रवासी क्षमता विचारा आणि लाइफ जॅकेट मोजा, लहान मुलांच्या मापाची वेगळी.

वाटेत एखाद्या मासळीच्या शेडपाशी बोट थांबते. बर्फातली मोठी कोळंबी दाखवतात आणि भाव नगावर सांगतात. किलोचा भाव विचारा, डोळ्यांदेखत वजन करून घ्या आणि शिजवण्याचे वेगळे किती ते आधीच ठरवा. करीमीन हा तिथला प्रसिद्ध मासा जेवणात धरलेला आहे की नाही, तेही आधीच.

आता पैशांचं. बुकिंगला पंचवीस-तीस टक्के ठीक आहेत, तेही फर्मच्या खात्यात. कुणाच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर नको. बाकीचे बोटीवर चढून, खोली-संडास बघून, एसी चालवून. ‘आजच पूर्ण भरा, २० टक्के सूट’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार. मॉलमध्ये कूपन भरून ‘फुकट हाउसबोट’ लागली, जोडीने हॉटेलात या, असा फोन आला तर तो मेंबरशिप गळ्यात मारायचा कार्यक्रम असतो. जाऊ नका.

नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने एर्नाकुलमला उतरून त्याच दिवशी बोट गाठायचा हट्ट नको. तिथून अलेप्पी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाडी लेट झाली की ‘तुम्हीच उशिरा आलात’ हे कारण त्यांना आयतं मिळतं. आदल्या दिवशी पोहोचा. गर्दीचा हंगाम नसेल तर बुकिंगही करू नका. सकाळी ९ नंतर बोटी रिकाम्या होऊन परत येतात, तेव्हा जेट्टीवर चार बोटी आतून बघून भाव करता येतो. फक्त स्टेशनवरून जो रिक्षावाला ‘ओळखीच्या बोटी’वर नेतो, त्याचं कमिशनही तुमच्याच बिलात असतं. नुसतं कुट्टनाडचं, म्हणजे अलेप्पीच्या आसपासच्या त्या सखल भागाचं पाणी बघायचं असेल, तर अलेप्पी जेट्टीवरून सुटणारी राज्य जलवाहतूक खात्याची प्रवासी बोट किरकोळ तिकिटात नेते. आमच्या मते ती कित्येक हाउसबोटींपेक्षा बरी.

फसलातच तर तिथल्या तिथे फोटो काढा: बोटीचा क्रमांक, बांधलेली जागा, बंद एसी, सगळे वेळेसकट. बोटच अस्तित्वात नाही आणि पैसे गेले, तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सेवा कमी दिली असेल तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी केरळला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या ठिकाणी, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. तक्रारीत पहिलं नाव ज्याने पैसे घेऊन पावती दिली त्याचं घाला. पावतीच दिली नसेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं जोडा, डिलीट करू नका.